विदर्भाच्या उन्हात मादागास्करचा मिश्र विभाग: लेमूर, कासवं आणि सावलीचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, भारी काळ्या जमिनीवर, प्राणिसंग्रहालयाने अर्धा एकर म्हणजे साधारण २००० चौरस मीटरचा तुकडा मादागास्कर विभागासाठी राखला आहे. तिथे रिंग-टेल लेमूर, रफ्ड लेमूर (लेमूर म्हणजे मादागास्कर बेटावरचे माकडासारखे प्राणी), रेडिएटेड कासव, काही पक्षी आणि जमलं तर फोसा, असं सगळं एकत्र दाखवायचं आहे. शेजारच्या चिंचांवर वानरांची टोळी आहे, मे महिन्यात पारा ४६च्या आसपास जातो आणि वीज नेमकी दुपारी जाते. आखणी कशी करावी?

आधी यादीला कात्री लावू. फोसा हा लेमूर खाऊन जगणारा प्राणी आहे. तो त्याच आवारात तर नकोच, वाऱ्याच्या दिशेला शेजारीही नको. त्याचा नुसता वास रोज येत राहिला तरी लेमूर खाली उतरायचे बंद होतात. रफ्ड लेमूर पूर्वेकडच्या पावसाळी जंगलातला आहे. तिथे वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा दमट असते. आपल्याकडची मार्च ते जूनची कोरडी झळ त्याला मानवणारी नाही. कूलरच्या खोलीत बसवून तो जगवता येईल, पण मग दाखवायचं काय? माझं स्पष्ट मत आहे की विदर्भात मादागास्करच्या पश्चिम आणि दक्षिणेच्या कोरड्या जंगलातल्याच प्रजाती घ्याव्यात. रिंग-टेल तिथलाच आहे. त्याच्या जोडीला रेड-फ्रंटेड लेमूर, म्हणजे लाल कपाळाचा तपकिरी लेमूर, मिळाला तर उत्तम, कारण नैऋत्येच्या काही जंगलांत हे दोघं आजही शेजारी राहतात. रेडिएटेड कासवही त्याच काटेरी प्रदेशातलं.

दुसरा नियम मोडूच नका: एका वंशातली एकच प्रजाती. तपकिरी लेमूर आणि काळा लेमूर एकत्र ठेवले तर संकर होतो. काळा-पांढरा रफ्ड आणि लाल रफ्ड यांचंही तेच. अशी पिल्लं संवर्धनाच्या प्रजनन कार्यक्रमात घेतली जात नाहीत आणि त्यांची जागा मात्र वीस-वीस वर्षं अडते.

कागदपत्रांचं एका परिच्छेदात उरकतो. सगळे लेमूर आणि रेडिएटेड कासव साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असलेल्या संस्थेलाच हे प्राणी प्रदर्शनासाठी ठेवता येतात, आणि प्रत्येक प्राणी आणताना-देताना प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२२च्या दुरुस्तीनंतर विदेशी प्रजातींच्या नोंदणीच्या अटीही वाढल्या आहेत. आराखडा मंजूर होण्याआधी प्राण्यांची बोलणी करू नका.

आता मूळ मुद्दा. मिश्र विभागातली भांडणं खाण्यावरून होतात असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि थंड मुलखात ते खरंही आहे. आपल्याकडे मार्च ते जून भांडण होतं ते सावलीवरून. दुपारी एक ते पाच या वेळात आवारात थंड जागा एकच असेल, तर सगळे तिथे गोळा होतात. रिंग-टेलच्या माद्या ती जागा ताब्यात घेतात, दुसऱ्या प्रजातीला हुसकतात, आणि कासव बिचारं सरकूही शकत नाही. म्हणून आखणीची सुरुवात थंड जागा मोजण्यापासून करा. मे महिन्यात, शक्यतो नवतप्यात, म्हणजे महिन्याअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, हातातलं इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन त्या तुकड्यावर दर तासाला फिरा. दुपारी तीनला जिथे जमिनीचं तापमान ३५च्या खाली राहतं, ती थंड जागा. प्रत्येक गटाला किमान दोन, आणि सगळे गट धरून आणखी दोन जास्तीच्या, इतक्या जागा हव्यात. प्रत्येक जागेला पाणी हवं, वारा हवा आणि निघायला दोन वाटा हव्यात. कोपऱ्यात बांधलेली एकतोंडी गुहा दिसायला छान दिसते, पण तिच्यात दुबळा प्राणी कोंडला जातो.

सिमेंटचे खोटे खडक मात्र वगळा. दुपारच्या उन्हात ते ६० अंशांपर्यंत तापतात आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. लोखंडी पाइपांच्या फांद्यांचंही तेच. पाइप वापरायचाच तर त्यावर काथ्याचा दोर घट्ट गुंडाळा. मचाणं सागाच्या फळ्यांची किंवा अख्ख्या बांबूची करा. चिरलेल्या बांबूच्या कडा तळवे कापतात. बांबूच्या पोकळ तोंडात गांधीलमाशा घर करतात, म्हणून टोकं बुजवा आणि दोन पावसाळ्यांनंतर बांबू बदला.

झाडांबाबत गुलमोहराचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो मूळ मादागास्करचाच. पण आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात तो निष्पर्ण असतो, सावली हवी तेव्हा काड्या उभ्या असतात, आणि पावसाळी वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. लावा, पण प्रेक्षकांच्या बाजूला. खरी सावली कडुनिंब, वड आणि चिंच यांची. चिंचेचं महत्त्व तर दुहेरी आहे. दक्षिण मादागास्करच्या नदीकाठच्या जंगलात रिंग-टेलचं मुख्य झाड चिंचच आहे; तिची पानं आणि शेंगा तो वर्षभर खातो. तुमच्या तुकड्यावर जुनी चिंच असेल तर आवार तिच्याभोवती आखा. उंबर टाळा. त्याची फळं कीपरच्या हिशेबाबाहेर गोड खाणं पुरवतात आणि रात्री वटवाघळं बोलावतात.

मादागास्करची म्हणून सदाफुली आणि पानफुटी लावण्याची सूचनाही हमखास येते. दोन्ही तिथल्याच, आणि दोन्ही विषारी. कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी, बेशरम हेही आवारात आणि आवाराच्या हातभर बाहेरही नकोत. लेमूरचा हात जाळीतून बाहेर जातो. सुबाभूळ डहाळी म्हणून रोज देऊ नका, तिच्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात. आणि वावराच्या धुऱ्यावरचा पाला कधीही आणू नका. कपाशीच्या पट्ट्यात जुलै ते नोव्हेंबर फवारणी सुरू असते, आणि धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीवर ते औषध उडतंच. डहाळीसाठी संग्रहालयाच्या आतच, कुंपणापासून बरंच आत, फवारणी न होणारा वेगळा पट्टा लावा.

आवार खुलं ठेवायचं की जाळीने झाकायचं? पाश्चात्त्य संग्रहालयांत लेमूरसाठी पाण्याच्या खंदकाची बेटं असतात. इथे ती चालणार नाहीत. मे महिन्यात खंदकातलं पाणी रोज सेंटिमीटरभराने उडतं, उरलेल्यात डास होतात, आणि वानराला तो खंदक म्हणजे एक उडी. वानर आत आलं की खाणं लुटतं, लेमूरला चावतं, जंत आणि जिवाणू सोडून जातं. बिबट्याच्या मुलखात तर खुलं आवार हा विषयच नाही. म्हणून छतासकट पूर्ण जाळी. २०००पैकी साधारण १२०० चौरस मीटर मुख्य आवार, २५० चौरस मीटर राखीव आवार, उरलेल्यात नाइट शेल्टर, कीपरची गल्ली, स्वयंपाकघर आणि प्रेक्षकांचा मांडव. उंची किमान ५ मीटर. जाळी १० गेजची, २५ बाय ५० मिलिमीटर चौकटीची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड. खालच्या सव्वा मीटरला आतून १२ मिलिमीटरची बारीक जाळी वेगळी लावा आणि ती ६० सेंटिमीटर जमिनीत पुरा. उंदीर, मुंगूस आणि नाग-घोणस यांना अडवणारी हीच. कोंबड्यांची षट्कोनी जाळी वर्षभरात गंजून फाटते.

छतावर वानर बसू नयेत म्हणून बाहेरच्या झाडांच्या झुकलेल्या फांद्या छाटा आणि वरच्या कडेने सौरऊर्जेवरची झटका तार फिरवा. मचाणं आणि पाण्याची भांडी मात्र छताच्या जाळीला पत्रा लावून त्याखाली ठेवा, म्हणजे वरून लघवी-विष्ठा पडली तरी थेट त्यांत येत नाही.

खांबांबाबत काळी माती फार छळते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि उथळ पायाचे खांब दोन वर्षांत तिरपे होतात. जाळी मग सैल पडते, दरवाजे अडकतात, सरकत्या दाराची स्लाइड मध्येच थांबते. आधी खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहा. दीड मीटरच्या आत मुरूम असेल तर पाया तिथपर्यंत न्या. त्याहून खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, साधारण साडेतीन मीटरचे, स्थापत्य अभियंत्याकडून काढून घ्या. इथे वाचवलेला पैसा पुढे दुप्पट जातो.

नाइट शेल्टर हा या विभागाचा गाभा आहे. मिश्र विभाग चालतो तो वेगळं करता येण्याच्या सोयीवर, म्हणून एकूण खर्चाचा निम्मा भाग इथे गेला तरी चालेल. दोन्ही लेमूर प्रजातींना प्रत्येकी तीन खोल्या, खोली साधारण ३ बाय २.५ मीटर, उंची ३ मीटर. प्रत्येक खोलीला दोन दारं, म्हणजे खोल्यांची माळ गोल फिरते आणि कोणी कोपऱ्यात सापडत नाही. वरून पडणारे गिलोटिन दरवाजे लेमूरला लावू नका. अर्धा मीटरहून लांब शेपटी मागे राहते आणि मोडते. आडवी सरकणारी स्लाइड, ४५ बाय ४५ सेंटिमीटरची, कीपरला दोन्ही बाजू दिसतील अशा ठिकाणाहून ओढता येणारी. फळ्या दीड आणि सव्वादोन मीटरवर, एका प्राण्यामागे दीड जागा या हिशेबाने.

छत दुहेरी करा. खाली स्लॅब किंवा पत्रा, मध्ये ३० सेंटिमीटर मोकळी हवा, वर बांबूचे तट्टे आणि चुन्याचा पांढरा हात. मार्च ते जूनच्या कोरड्या हवेत डक्ट कूलर ४५ची हवा २८-३०वर आणतो. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर उपयोगाचा राहत नाही. तेव्हा मोठे एक्झॉस्ट पंखे आणि आरपार खिडक्या हव्यात. कूलरची टाकी दर तिसऱ्या दिवशी रिकामी करून घासा, नाहीतर तीच घाण हवेतून फुप्फुसात जाते. वीज जाणारच, हे धरून पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आणि त्यावर थेंब-थेंब पाणी सोडणारी उंच टाकी बसवा; ती विजेशिवाय चालते. जनरेटर असेल तर त्यावर आधी कूलर जोडा, दिवे नंतर. बाहेर फॉगर, म्हणजे धुक्यासारखे बारीक फवारे, लावणार असाल तर इथल्या जड पाण्याने नोझल आठवड्यात बुजतात. गाळणी लावा आणि दर आठवड्याला नोझल व्हिनेगरमध्ये भिजवा.

हिवाळ्यात उलट काळजी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०च्या खाली उतरतो. लेमूरच्या खोल्या १८च्या खाली जाऊ देऊ नका आणि कासवांचं घर २२च्या खाली नको. सकाळी रिंग-टेल हात पसरून ऊन खातात, म्हणून पूर्वेला मोकळी, बसकी मचाणं ठेवा. प्रेक्षकांनाही तेच सगळ्यात जास्त आवडतं.

विणीचा हंगाम हा इथला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. मादागास्कर साधारण १२ ते २५ दक्षिण अक्षांशांवर, आपण १९ ते २२ उत्तर. दिवसाची लांबी जवळपास तितकीच, फक्त सहा महिन्यांनी उलटी. रिंग-टेलचं प्रजनन दिवसाच्या लांबीवर चालतं. तिथे एप्रिल-मे मध्ये मीलन आणि पुढे ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये पिल्लं. आपल्या गोलार्धात ऑक्टोबर-डिसेंबर मध्ये मीलन, आणि सुमारे साडेचार महिन्यांनी, म्हणजे मार्च ते मे या काळात पिल्लं. जेमतेम ७० ग्रॅमचं पिल्लू पोटाशी घेऊन दूध पाजणारी मादी ऐन झळीत सापडते. याच काळात वरचढ माद्या आपल्याच गटातल्या एखाद्या मादीला पद्धतशीर हाकलू लागतात. मोकळ्या जंगलात ती निघून जाते. जाळीत तिला जायला जागा नसते, आणि ती मारली जाते. राखीव आवार याचसाठी सांगितलं.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं रिंग-टेलचा फक्त नरांचा गट ठेवा, चार-पाच जणांचा. प्रजननाची अडचण नाही, उन्हाळ्यातली पिल्लं नाहीत, आणि कर्मचाऱ्यांचा हात बसतो. प्रेक्षकांना फरक कळत नाही.

कासवांची व्यवस्था वेगळ्या बुद्धीने करावी लागते. ज्या प्रदेशातून ती आली तिथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पश्चिम विदर्भात साधारण ८००, पूर्वेला १२००च्या पुढे, आणि तोही चार महिन्यांत, चिखल करणाऱ्या मातीवर. काळ्या चिखलात ठेवलेल्या कासवाला आधी नाकातून पाणी येतं, मग कवच सडतं. त्यांच्यासाठी किमान १५० चौरस मीटरचा उंचवटा करा: ६० सेंटिमीटर मुरूम, वर वाळू, चारही बाजूंनी उतार आणि भोवती पाट. मर्यादेची भिंत ४५ सेंटिमीटरची आणि भरीव. पलीकडचं दिसत असेल तर कासव दिवसभर त्या जाळीला धडका देत राहतं.

लेमूर आणि कासव यांच्यात मारामारी होत नाही. अडचण खाण्याची आहे. लेमूरच्या हातून पडलेली फळं आणि दाणे कासव खातं, त्याला हगवण लागते आणि कवचावर उंचवटे येतात. लेमूर कासवाच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जिवाणू घेतात. कासवापेक्षा लेमूर लहान, त्यामुळे फक्त कासवालाच आत जाता येईल अशी फट करता येत नाही. उपाय वेळेचा. सकाळी लेमूर खोल्यांत खात असताना कासवांना त्यांच्या उंचवट्यावर हरळी, वाळलेलं गवत, जास्वंदीची पानं आणि काटे काढलेलं निवडुंग द्यायचं. दीड तासाने उरलेलं आणि विष्ठा उचलायची, मगच लेमूरच्या स्लाइड उघडायच्या. दिवसभरातलं लेमूरचं खाणं जमिनीपासून दोन मीटर वर, काठ असलेल्या ताटल्यांत, आणि त्या ताटल्या कासवांच्या उंचवट्यापासून दूर.

लेमूरच्या खाण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण नागपुरी संत्र्याच्या मुलखात ती रोज मोडली जाईल. लेमूरच्या यकृतात लोह साठत जाण्याचा आजार बंदिवासात वारंवार दिसतो. जीवनसत्त्व क लोह जास्त शोषायला लावतं, म्हणून संत्री, मोसंबी, लिंबू, पेरू, आवळा बंद. उलट चिंचेच्या पाल्यातलं टॅनिन लोह अडवतं असं मानलं जातं, तेव्हा तो रोज द्या. एका प्रौढ रिंग-टेलला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम पानखाऊ माकडांसाठीचं गोळीखाद्य, सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पालेभाज्या, ७० ग्रॅम दुधी-काकडी-गाजर, आणि फळ फक्त औषधाच्या गोळ्या देण्यापुरतं. केळी, चिकू, सीताफळ यांनी आठ-दहा महिन्यांत वजन फुगतं आणि पुढे मधुमेह होतो. प्रौढ रिंग-टेल सव्वादोन ते तीन किलोच्या मध्ये असावा.

मांजर या विषयाला स्वतंत्र महत्त्व आहे. मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीने लेमूर काही दिवसांत मरतात, बहुतेकदा लक्षणं कळायच्या आत. गावाकडे धान्याच्या खोलीत उंदरांसाठी मांजर पाळण्याची रीत आहे. या विभागाच्या आसपास ती नको. त्याची बीजं ओल्या मातीत कित्येक महिने टिकतात आणि झुरळंही ती वाहून नेतात. पालेभाजी तीन पाण्यांनी धुवा. उंदरांसाठी पिंजरे लावा. विष खाल्लेला उंदीर लेमूरच्या हाती लागू शकतो.

पक्ष्यांचा आग्रह कमी ठेवा. मादागास्करात आढळणारी टिटारी कोंबडी, म्हणजे गिनी फाउल, सहज निभावते. पण लेमूर अंडी आणि पिल्लं खातात, म्हणून घरटी मागच्या बंद पिंजऱ्यातच. पाणपक्षी घेऊच नका. तळं आलं की बाहेरचे बगळे येतात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात बर्ड फ्लूने वाघ दगावल्यानंतर ही जोखीम घेण्यासारखी राहिलेली नाही. सरडगुहिरे (शॅमेलिऑन), डे गेको ही दिवसा फिरणारी पाल, टेनरेक हा किडे खाणारा छोटा प्राणी, हे प्रेक्षकांच्या मांडवात काचेच्या वेगळ्या पेट्यांत दाखवा. पँथर सरडगुहिरा एका पेटीत एकच.

एकत्र सोडण्याचा मुहूर्त पोळा ते घटस्थापना. ऊन उतरलेलं असतं, मीलनाचा हंगाम सुरू व्हायचा असतो. त्याआधी प्रत्येकाचा किमान ३० दिवसांचा क्वारंटाइन, विष्ठेच्या तीन तपासण्या आणि क्षयाची चाचणी. मग क्रम असा: कासवं तीन आठवडे एकटी. नंतर रेड-फ्रंटेड, कारण तो दबणारा. त्याला वाटा, मचाणं, लपायच्या जागा आधी माहीत व्हायला हव्यात. रिंग-टेल सगळ्यात शेवटी. दोन्ही लेमूर गट पंधरा दिवस जाळीच्या दोन बाजूंना ठेवा आणि मधून मधून खोल्या अदलाबदल करा, म्हणजे वासाची ओळख होते. पहिली भेट सकाळी, पोट भरलेलं असताना, अर्ध्या तासाची. दोन कीपर दोन स्लाइडपाशी, हातात पाण्याची नळी. पाठलाग होणारच. पाठलाग थांबतो की नाही, आणि पळणारा पुन्हा खायला बसतो की नाही, हे पाहा. रात्री पहिले सहा महिने सगळे वेगळे, आणि नोव्हेंबरमध्ये दिवसाही वेगळे ठेवायची तयारी असू द्या.

बिघाड चढत जातो तो मोठ्या जखमेआधी बारीक खुणांनी दिसतो: शेपटीच्या मुळाशी उपटलेले केस, कानाला चीर, एखादा सतत खालच्या मचाणावर, खाण्याला शेवटी येणारा. दर सोमवारी फळीला लावलेल्या काट्यावर प्रत्येकाचं वजन घ्या आणि वहीत तापमानाच्या शेजारी लिहा. महिनाभरात कोणाचं वजन दहा टक्क्यांनी घटलं, तर कारण शोधत बसण्याआधी त्याला एका ओळखीच्या जोडीदारासह राखीव आवारात हलवा आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा.